पडद्यावर चित्र येईना? आधी केबल बघा

आज जरा वेगळा विषय घेतलाय. शेळीपालन नाही, पापड-कुरडया नाहीत, बँकेचा हप्तासुद्धा नाही. आज बोलायचंय एका वायरीबद्दल.

आपल्याकडं आता बऱ्याच गटांनी प्रोजेक्टर घेतलेत. कुणी प्रशिक्षणाच्या व्हिडिओंसाठी घेतला, कुणी भाड्यानं द्यायला. लग्नाचं, बारशाचं शूटिंग सगळ्या भावकीला एकदम बघायचं असतं, तेव्हा गटाला फोन येतो. काही घरांत तर हॉलची भिंत पांढरी करून, खाली सतरंजी टाकून घरचं थिएटरच केलंय. चांगली गोष्ट आहे. पण या सगळ्यांकडून मला एकच तक्रार ऐकू येते. "ताई, घरी लावून बघितला तेव्हा चित्र झकास होतं. समाजमंदिरात लावला तर पडद्यावर नुसतं 'नो सिग्नल'." नाहीतर, "चित्र येतंय, पण त्यात चमचम ठिपके उडतायत आणि मधेच पडदा काळा होतोय."

आता विचार करा. प्रोजेक्टर तोच, लॅपटॉप तोच, माणसं तीच. मग घर आणि समाजमंदिर यांत फरक काय झाला? घरी लॅपटॉप प्रोजेक्टरच्या शेजारी होता आणि मधे दोन हाताची वायर होती. समाजमंदिरात लॅपटॉप पुढं स्टेजजवळ, प्रोजेक्टर मागं टेबलावर आणि मधे १५-२० मीटरची लांबलचक केबल. बिघाड बहुतेक वेळा इथंच असतो. आपण मात्र आधी प्रोजेक्टर उचलून दुरुस्तीला नेतो.

ही जी केबल आहे तिला एचडीएमआय म्हणतात. चपटं तोंड, एका बाजूला जरा निमुळतं. २००२ साली ती निघाली. तिच्या तोंडात बारीक बारीक १९ पिना असतात. चित्र आणि आवाज दोन्ही या एकाच केबलमधून जातात. आधी जी निळ्या तोंडाची, दोन स्क्रूंची व्हीजीए केबल होती, तिच्यातून फक्त चित्र जायचं.

या दोन केबलींत आणखी एक मोठा फरक आहे, तो नीट समजून घ्या. जुनी व्हीजीए केबल लांब झाली की चित्र हळूहळू बिघडायचं. अक्षरं पुसट व्हायची, अक्षरांमागं सावली दिसायची, पण चित्र दिसायचं. एचडीएमआयचं तसं नाही. ती ठरावीक लांबीपर्यंत एकदम स्वच्छ चित्र देते, आणि त्या पलीकडं गेलं की एकाएकी ठिपके, मग तुटक चित्र, मग काहीच नाही. म्हणून १० मीटरला उत्तम चाललेली यंत्रणा २० मीटरला साफ बंद पडू शकते. त्यात कुणी काही मोडलेलं नसतं.

असं का होतं? एक उदाहरण सांगते. तुम्ही शेताच्या या बांधावर आहात आणि जाऊबाई त्या बांधावर. तुम्ही ओरडून फक्त "हो" किंवा "नाही" एवढंच सांगायचं ठरलंय. जवळ असाल तोवर जाऊबाईंना प्रत्येक शब्द बरोबर कळतो. आवाज थोडा बारीक आला तरी "हो" ते "हो"च. त्यामुळं निरोपात काही फरक पडत नाही. पण अंतर इतकं वाढलं की "हो" आणि "नाही" यांतला फरकच ऐकू येईना, मग जाऊबाई अंदाजानं ऐकणार आणि निरोप चुकणार. एचडीएमआयमधून चित्र असंच "हो-नाही"च्या भाषेत जातं. एखादा निरोप चुकला की पडद्यावर एक ठिपका चमकतो. खूप चुकले की चित्र तुटतं.

आणि हे निरोप किती भरभर जातात माहीत आहे? आपण ज्याला फुल एचडी म्हणतो त्या चित्रात आडवे १,९२० आणि उभे १,०८० ठिपके असतात, म्हणजे एका चित्रात २० लाखांवर ठिपके. अशी चित्रं सेकंदाला ६० वेळा जातात. त्यासाठी केबलमधून सेकंदाला साधारण ४४५ कोटी "हो-नाही" धावतात. त्याहून खालचं, ७२० चं चित्र घेतलं तर याच्या निम्मे. आणि फोर-के चित्र सेकंदाला ६० वेळा पाठवलं तर याच्या चौपट. बांधावरून सावकाश बोललेलं लांबवर कळतं, भराभर बोललेलं कळत नाही. केबलचंही तसंच. चित्र जितकं बारकाव्याचं, तितकी केबल आखूड लागते.

मग किती लांब चालते? कंपनीच्या नियमात मीटरचा आकडा ठरवलेला नाही. शेवटच्या टोकाला सिग्नल चांगला पोचला पाहिजे, एवढंच नियम सांगतो. पण अनुभवाचा अंदाज असा, की साधी तांब्याची, चांगली जाड केबल फुल एचडी चित्र १० ते १५ मीटरपर्यंत नेते. फोर-के सेकंदाला ६० वेळा पाठवायचं तर ५ मीटरच्या पुढं भरवसा धरू नका. पातळ, स्वस्त केबल यापेक्षा आधीच दमते. मोटारीच्या वायरीचं जसं असतं, लांब न्यायची तर जाड घ्यावी लागते, तसंच इथंही आहे. गेजचा आकडा जितका लहान, तितकी आतली तार जाड. २४ गेज जाड, ३० गेज बारीक.

चित्र सुरू होण्याआधी आणखी एक गोष्ट घडते. लॅपटॉप किंवा सेट टॉप बॉक्स प्रोजेक्टरला विचारतो, "तू कोण? तुला कोणतं चित्र झेपतं?" प्रोजेक्टर उत्तर देतो आणि मगच चित्र निघतं. ही बोलाचाली केबलमधल्या वेगळ्या बारीक तारांतून होते. केबल लांब असली, नाहीतर मधे जोड असला, की कधी हे उत्तरच परत पोचत नाही. मग दोन्ही यंत्रं चालू, दिवे लागलेले आणि पडद्यावर "नो सिग्नल".

आता मुद्द्यावर येते. असं झालं तर काय करायचं? एक नियम पक्का धरा, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दहा जणी दहा बटणं दाबायला लागल्या तर चित्र आलं तरी ते कशामुळं आलं ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा तीच पंचाईत.

पहिलं, प्रोजेक्टरच्या रिमोटवर 'सोर्स' किंवा 'इनपुट' असं बटण असतं. केबल एचडीएमआय १ मध्ये लावलीय आणि रिमोटवर एचडीएमआय २ निवडलंय, असं फार वेळा होतं. ते बघा. लॅपटॉप असेल तर विंडोजचं चिन्ह असलेलं बटण आणि पी हे अक्षर एकत्र दाबा आणि 'डुप्लिकेट' निवडा.

दुसरं, केबलची दोन्ही टोकं काढून पुन्हा नीट बसवा. व्हीजीएला स्क्रू होते, एचडीएमआयला ते नसतात. कुणाच्या पायात केबल अडकली की टोक अर्धवट बाहेर येतं. बघताना वाटतं, लावलेलंच आहे.

तिसरं, सगळं बंद करा. केबल जोडा. आधी प्रोजेक्टर चालू करा, तो पूर्ण उजळू द्या, मग लॅपटॉप किंवा बॉक्स चालू करा. त्यामुळं ती ओळखीची बोलाचाली नव्यानं होते. पुष्कळदा चित्र इथंच येतं.

चौथं, आणि हे सगळ्यांत महत्त्वाचं. लॅपटॉप उचला, प्रोजेक्टरच्या शेजारी ठेवा आणि २ मीटरच्या आखूड केबलनं जोडा. चित्र आलं? मग प्रोजेक्टर चांगला, लॅपटॉपही चांगला, दोष लांब केबलीत. नाही आलं? मग दोष यंत्रात किंवा सेटिंगमध्ये, आणि नवी लांब केबल आणून काही उपयोग नाही. पाच मिनिटांची ही परीक्षा हजारो रुपये वाचवते.

पाचवं, आखूड केबलनं चित्र आलं पण लांबीनं येत नाही, तर चित्राचं माप कमी करून बघा. लॅपटॉपच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये किंवा सेट टॉप बॉक्सच्या सेटिंगमध्ये १०८० च्या जागी ७२० करा. ठिपके थांबले, चित्र स्थिर झालं, तर समजा की केबल तुटलेली नाही, तिला फक्त तेवढा वेग झेपत नाही. त्या दिवसाचा कार्यक्रम ७२० वर बिनधास्त करा. लांबून बघणाऱ्यांना फरक फारसा कळतही नाही.

सहावं, मधे जोड असेल तर काढा. १० मीटरच्या दोन केबली जोडून २० मीटर करणं सोपं वाटतं, पण प्रत्येक जोडाला सिग्नल आणखी कमजोर होतो आणि तिथं हललं की चित्र जातं. लांबी लागणारच असेल तर अखंड एक केबल घ्या.

आमच्या भागातल्या एका गटाची गोष्ट सांगते. साखरपुड्याची ऑर्डर होती, आगाऊ रक्कम घेतलेली. आदल्या दिवशी मंडपात जोडून बघितलं तर पडदा काळा. गटातल्या दोघी प्रोजेक्टर घेऊन तालुक्याला गेल्या. दुकानदारानं केबल न मागता, न बघता सांगितलं, "बोर्ड गेलाय. ठेवून जा, आठ दिवस लागतील." खर्चाचा आकडा ऐकून दोघींच्या पोटात गोळा आला. गटाच्या सचिव ताईंनी मात्र हट्ट धरला, "आधी तुमच्या दुकानातली आखूड वायर लावून दाखवा." त्यानं कुरकुरत लावली. चित्र लख्ख आलं. त्या प्रोजेक्टर घेऊन परत आल्या, दुसऱ्या दिवशी लॅपटॉप प्रोजेक्टरजवळ ठेवला आणि कार्यक्रम पार पडला. दुरुस्तीचा खर्च वाचला, ऑर्डर वाचली आणि गटाचं नावही राहिलं. बायकांना यातलं काय कळतं, असं समजून कुणी काहीही सांगतं. म्हणून ही आखूड केबलची परीक्षा आपल्याला यायलाच पाहिजे.

त्या गटानं केलेला उपाय कायमचा करता येतो. चित्राची केबल लांब करण्यापेक्षा लॅपटॉप किंवा बॉक्सच प्रोजेक्टरजवळ ठेवा. पुढं फक्त आवाज न्या. आवाजाला चित्राइतका वेग लागत नाही, त्यामुळं तो लांब वायरीतून सहज जातो. मंडपवाल्यांकडं माइकच्या तीन पिनांच्या लांब केबली असतात, त्या २०-३० मीटरला आरामात चालतात. फक्त लॅपटॉपचा आवाज त्यांच्या मिक्सरला कसा जोडायचा, हे त्यांच्याशी आधी ठरवून घ्या. घरच्या थिएटरमध्येही हेच करा. प्रोजेक्टर मागच्या भिंतीला असेल तर बॉक्ससाठी फळीसुद्धा मागंच ठोका.

जागेमुळं ते जमत नसेल तर मग खर्चाचे उपाय बघा. एक, चिप बसवलेली केबल, तिला ॲक्टिव्ह म्हणतात. ती सिग्नलला जोर देते. दुसरी, काचेच्या तंतूची म्हणजे फायबरची एचडीएमआय केबल. ती ३० मीटर आणि त्याहूनही लांब चालते. या दोन्ही प्रकारांना दिशा असते, हे विसरू नका. एका टोकावर 'सोर्स' लिहिलेलं असतं, ते लॅपटॉपकडं. दुसऱ्यावर 'डिस्प्ले' असतं, ते प्रोजेक्टरकडं. उलटी लावली तर चित्र येत नाही आणि आपण नव्या केबलीलाच नावं ठेवतो. फायबरची केबल घडी घालून दाबली तर आतला तंतू तुटतो, तो जोडता येत नाही. तिसरा उपाय म्हणजे दोन डब्या. एक लॅपटॉपजवळ, एक प्रोजेक्टरजवळ, आणि मधे इंटरनेटची कॅट-सिक्स केबल. ही केबल अस्सल तांब्याची असावी. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त केबल लांबीला दगा देते.

खरेदी करताना काय बघाल? सोन्याचा मुलामा बघून जास्त पैसे देऊ नका. मुलाम्यानं तोंड गंजत नाही एवढं खरं, पण त्यानं चित्र जास्त सुंदर होत नाही. निरोप सगळे पोचले तर महाग आणि स्वस्त केबलीचं चित्र सारखंच दिसतं. खोक्यावर नुसतं 'फोर-के' छापलंय म्हणून भुलू नका, किती मीटरला ते विचारा. 'प्रीमियम' आणि 'अल्ट्रा' दर्जाच्या तपासलेल्या केबलींच्या खोक्यावर क्यूआर कोडचं लेबल असतं. आणि शक्यतो आपला प्रोजेक्टर, आपला लॅपटॉप सोबत न्या, दुकानात पूर्ण लांबीची केबल जोडून दहा मिनिटं चित्र चालवून बघा, मगच पैसे द्या. पक्की पावती घ्या, तीवर केबलची लांबी लिहून घ्या. गटाच्या पैशाला हिशेब असतो.

काही तक्रारी केबलच्या वाटतात, पण केबलच्या नसतात. चित्र आहे आणि आवाज लॅपटॉपमधूनच येतोय, तर लॅपटॉपमध्ये आवाजाच्या चिन्हावर जाऊन आवाज प्रोजेक्टरकडं वळवा. मोबाइल जोडलाय आणि काहीच येत नाही, तर तुमच्या मोबाइलच्या तोंडातून चित्र बाहेर जायची सोयच नसेल, पुष्कळ मोबाइलना ती नसते. बाकी सगळं दिसतं, फक्त एखाद्या ॲपमधला सिनेमा काळा दिसतो, तर ते चोरून नक्कल होऊ नये म्हणून घातलेलं कुलूप असतं. मधली एखादी डबी किंवा जुना प्रोजेक्टर त्या कुलपाला ओळखत नाही. आणि हो, गावात जाहीरपणे सिनेमा दाखवायचा तर, तिकीट असो वा नसो, ज्यांच्याकडं त्याचे हक्क आहेत त्यांची परवानगी लागते. आपलं शूटिंग, आपले प्रशिक्षणाचे व्हिडिओ, याला काही अडचण नाही.

पंखा किंवा ट्यूब चालू-बंद केली की चित्र क्षणभर जातं, असंही कुणी सांगतं. तेव्हा केबल लाईटच्या वायरीला चिकटून गेलीय का बघा. दोन्हींत वीतभर अंतर ठेवा, ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा. सगळी यंत्रं एकाच बोर्डावर, तीन पिनांच्या, अर्थिंग असलेल्या सॉकेटवर लावा. आणि केबल जोडताना-काढताना यंत्रं बंद ठेवा. अर्थिंग नसेल तर दोन यंत्रांच्या मधल्या विजेच्या फरकानं एचडीएमआयचं तोंड जळू शकतं. हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर लगेच मेन बंद करा आणि वायरमनला बोलवा. तिथं आपण धाडस करायचं नाही.

शेवटी केबलची निगा. कोपरापासून पंजापर्यंत दोरीसारखी आवळून गुंडाळू नका. दीड फुटाचे सैल वेढे घ्या आणि कापडाच्या पट्टीनं बांधा. लावताना टोकापाशी ती टेबलाच्या पायाला एक सैल गाठ मारून बांधा, म्हणजे कुणाचा पाय लागला तरी ओढ तोंडावर येत नाही. येण्याजाण्याच्या वाटेवर सतरंजीखालून नेऊ नका, पायाखाली चेंगरते. भिंतीच्या कडेनं न्या. आणि उंदरांपासून जपा, डब्यात ठेवा.

तर मैत्रिणींनो, थोडक्यात सांगते. प्रोजेक्टरच्या पेटीत २ मीटरची एक आखूड केबल कायम ठेवा. चित्र आलं नाही तर इनपुट, टोकं, बंद-चालू आणि मग आखूड केबल, या क्रमानं जा. दोष केबलीत निघाला तर आधी चित्राचं माप कमी करा, लॅपटॉप जवळ आणा, आणि पैसे खर्च करायचे ते सगळ्यांत शेवटी. गटाच्या वहीत एक पान याला द्या. कोणत्या जागी, किती मीटरची केबल, कोणत्या सेटिंगवर चालली ते लिहा. पुढच्या ऑर्डरला जाणारी मैत्रीण, ती मग कुणीही असो, ते पान वाचून काम करेल.

येत्या मासिक बैठकीत अर्धा तास काढा. प्रोजेक्टरची पेटी मधे ठेवा आणि प्रत्येकीच्या हातानं एकदा जोडून बघा. जी म्हणेल "मला नाही जमणार", तिच्यापासून सुरुवात करा. प्रत्येक गटात निदान दोघींना तरी हे काम पूर्ण यायला हवं, म्हणजे एक माहेरी गेली तरी ऑर्डर अडत नाही.

भेटू पुढच्या आठवड्यात, याच वेळी. तोवर, नमस्कार.